न पडता गेलेले दिवस

मास्तर कधीच मास्तर नव्हता. शाळेशी त्याचा संबंध सातवीत संपला, तोही भांडून. इस्पितळात तो लागला ट्रॉली ढकलायला, आणि अठरा वर्षं त्याने तेवढंच केलं. दारातून वॉर्डात, वॉर्डातून एक्स-रेला, एक्स-रेवरून परत, आणि कधीमधी तळमजल्याच्या मागच्या अंगाला, जिथून परत आणायचं काही नसतं. ढकलता ढकलता त्याला एक गोष्ट दिसत गेली. ती बघायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारी माणसं दारापर्यंत चालत यायची. कुणाच्या खांद्यावर हात टाकून, कुणी भिंत धरून, पण आपल्या पायांनी. आठ-दहा दिवसांनी घरी निघायची ती त्याच्या ट्रॉलीवरून. कागदावर ‘बरा झाला’ असं लिहिलेलं असायचं, आणि बरा झालेला माणूस उताणा पडून छताच्या नळ्या बघत असायचा.

हे तो कुणाला बोलला नाही. ट्रॉलीवाल्याच्या मताला तिथे कोण विचारतो?

मग वॉर्डात म्हाताऱ्यांची डॉक्टर आली. ती स्वतः चाळिशीचीच होती, पण तिचं शिक्षण म्हाताऱ्यांचं. बुटकी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बोलायचं असलं की पलंगाच्या कडेला बसणारी. सिस्टरांना आधी वाटलं, ही दमते बहुतेक. तिचं म्हणणं असं की ही सगळी काठावरची माणसं आहेत. घरी असतात तोवर काठ धरून नीट चालतात. पण एक ताप आणि चार दिवस अंथरूण एवढा धक्का त्यांना पुरतो. म्हणून तिने एक कागद काढला. रुग्ण आला की ‘काय होतंय’ याच्या आधी विचारायचं, पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही काय काय करत होता? संडासला स्वतः जात होता का? चष्मा आणलाय का, दात आणलेत का? घराला पायऱ्या किती? कागदाच्या डाव्या बाजूला ‘आधी’, उजव्या बाजूला ‘जाताना’. दोन्ही बाजू जुळल्या तर आपण काहीतरी केलं, नाहीतर नुसती औषधं दिली, असं ती म्हणायची.

तिने फिजिओ मागितला. मिळाला नाही. दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा मागितल्याची पोच मिळाली. एक दिवस ट्रॉली घेऊन आलेल्या ह्याच्याकडे बघून ती म्हणाली, “आजवर ढकललंत ना? आता चालवा.”

तो हसला. तिने ते हसू होकार म्हणून धरलं.

अशी त्याची कवायत सुरू झाली. वॉर्डाच्या फरशीवर त्याने रंगीत टेपच्या पट्ट्या चिकटवल्या. पलंगापासून खिडकीपर्यंत पिवळी, खिडकीपासून संडासापर्यंत निळी, आणि तिथून कोपऱ्यातल्या तीन लाकडी पायऱ्यांपर्यंत लाल. त्या पायऱ्या कुठेच जात नव्हत्या, तीन चढून तीन उतरायच्या. इस्पितळाच्या सपाता तो कुणाला घालू द्यायचा नाही; नातेवाइकांना पिटाळून घरचे बूट मागवायचा. चादरीची घडी कमरेभोवती गुंडाळून तिची दोन टोकं पाठीमागे मुठीत धरायचा आणि अर्धं पाऊल मागे राहून चालायचा, म्हणजे माणसाला वाटावं आपण एकटे चाललोय. पूर्ण वेळ तोंडाचा पट्टा चालू. पायाकडे लक्ष गेलं की पाय घाबरतात, असं त्याचं शास्त्र. सिस्टरांनी त्याला ड्रिलमास्तर म्हणायला सुरुवात केली, पुढे ड्रिल गळलं आणि मास्तर उरला.

चादरीची युक्ती त्याची नव्हती. ती आक्काची. आक्का त्याची थोरली बहीण, एकोणीस वर्षांनी मोठी. आई त्याच्या बाळंतपणातच गेली, तेव्हापासून त्याला आक्कानेच वाढवला. काखेतून टॉवेल घालून, मागून टोकं धरून तिने त्याला चालायला शिकवलं होतं. आता आक्का शहात्तर वर्षांची. पहिल्या मजल्यावर एकटी राहायची, शिलाई मशीनवर लोकांच्या पँटा आखूड करायची, चेनी बसवायची. जिना बावीस पायऱ्यांचा. सकाळी दूध आणायला एकदा आणि संध्याकाळी कपडे पोचवायला एकदा, असा तो रोज दोनदा उतरायची-चढायची. तिचा मुलगा, म्हणजे मास्तरचा भाचा, दुसऱ्या गावी. तो दर फोनवर म्हणायचा, खाली कुठे तरी राहा. आक्का म्हणायची, मी वर आहे म्हणून तर मला कुणी उठवायला येत नाही.

वॉर्डात तीन वर्षं चांगली गेली. कागदाच्या दोन बाजू पुष्कळदा जुळायच्या. मग एक निवृत्त हेडक्लार्क संडासात पडला. कुणाला न सांगता गेला, ओल्या फरशीवर घसरला, खुबा मोडला. मुलगा वकील होता. महिन्याभरात वॉर्डाच्या दारावर एक पाटी आली. पांढरी, मोठी, पुसता येणाऱ्या पेनाने लिहायची. ‘रुग्ण न पडता गेलेले दिवस’, आणि खाली आकडा. रोज सकाळी मोठ्या सिस्टरने तो एकने वाढवायचा. कुणी पडलं की शून्य.

बैठकीत डॉक्टरीणबाई भांडल्या. “चालणारं माणूस कधीतरी पडतं. पडणार नाही याची खात्री हवी असेल तर सगळ्यांना शवागारात हलवा,” असं म्हणाल्या म्हणे. ते वाक्य वॉर्डात आठवडाभर फिरलं, सगळे हसले, आणि पाटी राहिली.

आकडा रोज डोळ्यांसमोर असला की माणूस त्याचा होतो. सिस्टरा वाईट नव्हत्या. तीस रुग्णांना दोघी. एकाला संडासला न्यायचं तर बाकीचे एकोणतीस उघड्यावर. मग पलंगांचे कठडे वर गेले. मग जे चालत जाऊ शकत होते त्यांनाही डायपर आले, म्हणजे उठायचं कारणच नको. एकदा एक आजोबा कठडा ओलांडून खाली आले, तर वहीत लिहिलं गेलं, ‘रुग्ण जमिनीवर बसलेला आढळला’. बसणं म्हणजे पडणं नव्हे. आकडा वाचला. मास्तरने त्यांना उचललं तेव्हा ते म्हणाले, “बसलो होतो म्हणे मी. बसायला बरी जागा शोधली, नाही का?”

मास्तरची कवायत बंद कुणी केली नाही. फक्त तो चादर घेऊन निघाला की मोठ्या सिस्टर म्हणायच्या, “मास्तर, आज राहू दे हां.” असं ते आज-आज होत गेलं.

आकडा ऐंशीच्या पुढे गेला तेव्हा वरच्या मजल्यावरून निरोप आला. शंभर दिवस झाले की म्हाताऱ्यांसाठी स्वतंत्र विभाग मिळेल. बारा जादा पलंग, दोन फिजिओ, योग्य उंचीच्या खुर्च्या, आणि कॅज्युअल्टीच्या दारातच तो कागद भरणारा माणूस. डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षं जे जे मागितलं होतं ते सगळं, एका आकड्याच्या पलीकडे मांडून ठेवलेलं. त्या दिवशी बाई पहिल्यांदाच उभ्याने बोलल्या. मास्तरला म्हणाल्या, थोडे दिवस. कुणाला एकट्याने उठू देऊ नका. नंतर हजारो लोक चालतील.

एकट्याने नको म्हणजे सोबतीने, आणि सोबतीला माणूस नाही, म्हणजे अजिबात नको. हे दोघांनाही कळत होतं.

पाटीवर नव्वद होते त्या सकाळी आक्का आली. छातीत कफ, ताप, धाप लागलेली. तरी जिना उतरून, रिक्षात बसून, दारापासून मास्तरच्या खांद्यावर हात टाकून आपल्या पायांनी आली. वाटेत एकदा तिचा गुडघा लचकला, तेवढंच. तिचा कागद त्याने स्वतः भरला. ‘आधी’ खाली लिहिलं: बावीस पायऱ्या, दिवसातून दोनदा, एका हातात दुधाची पिशवी. अक्षर जरा मोठंच काढलं. त्याला त्या कागदाचा अभिमान वाटला.

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आक्का उठून बसली. म्हणाली, चल, तुझी ती चादर आण, बघू तरी तू लोकांना कसा नाचवतोस. मास्तरने कठड्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांसमोर तो लचकलेला गुडघा आला. त्याच्या मागे पाटी आली, त्र्याण्णव. बाईंचे मांडून ठेवलेले दोन फिजिओ आले. आणि असंही आलं की बाकीच्या एकोणतीस जणांना झोपवून आपल्या बहिणीला चालवलं तर वॉर्ड काय म्हणेल. सगळी कारणं चांगली होती. एखादं वाईट असतं तर ते त्याने ओळखलंही असतं.

“आक्का, आठवडाभर थांब,” तो म्हणाला. “मग मी तुला रोज चालवतो.”

“माझे पाय काय तुझ्या आठवड्यासाठी थांबणारेत?”

“माझं ऐक ना.”

आक्काने आयुष्यात फारसं कुणाचं ऐकलं नव्हतं. नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही, डॉक्टरचं तर नाहीच. मोठ्या सिस्टरने सांगितलं असतं तर ती कठड्यावरून पाय टाकून केव्हाच उतरली असती. पण हा तिचा धाकटा, आणि वर लोकांना चालवण्यात त्याचं नाव. हा नको म्हणतो तर काहीतरी असेल. ती आडवी झाली.

दुपारी सिस्टर डायपर घेऊन आली तेव्हा मात्र तिने मास्तरला बोलावून घेतलं. त्याच्याकडे न बघता म्हणाली, “धाकट्या, तुझे लंगोट मी बदलले, त्याची फेड चाललीय का ही?” सिस्टर हसली. मास्तरही हसला. आक्का हसली नाही.

ती तशी पडून राहिली. सलाईन निघालं, खोकला कमी झाला, एक्स-रे स्वच्छ आला. राउंडला आलेले शिकाऊ डॉक्टर तिची छाती ऐकून खूश व्हायचे. पायांना ऐकायचं यंत्र कुणाच्या गळ्यात नव्हतं. मास्तर रोज ड्यूटी संपली की तिच्या पायथ्याशी बसायचा, पोटऱ्या चोळायचा. असे पाच दिवस गेल्यावर त्याच्या हाताला कळलं. पोटरी मऊ पडत होती, उसवलेल्या उशीसारखी. एवढी वर्षं तो दुसऱ्यांच्या पोटऱ्या धरत आला होता, हाताला चुकीचं कळणं शक्य नव्हतं. त्याने चादर ओढून तिचे पाय झाकले आणि मनात आकडा मोजला. अठ्ठ्याण्णव. दोनच दिवस.

शंभराव्या दिवशी वरचे साहेब आले. पाटीपाशी फोटो झाला. मोठ्या सिस्टरना रडू आलं, आणि ते खरं होतं. शंभर सकाळी तो आकडा त्यांनी स्वतः वाढवला होता. डॉक्टरीणबाई फोटोत कडेला, डोळे मिटलेल्या. साहेब मास्तरशी हात मिळवून म्हणाले, तुमच्यासारख्या लोकांमुळेच. मास्तरने तो हात पटकन सोडवून घेतला, कारण दुसऱ्या हातात आक्काचे बूट होते.

त्याने तिला बूट घातले, कमरेला चादर गुंडाळली, टोकं मुठीत धरली. म्हणाला, चल, काय काय बोलायचं ते बोल. आक्का उभी राहिली. म्हणजे तो उभा राहिला आणि ती चादरीला लटकली. दोन्ही गुडघे असे थरथरले, जणू मशीनची सुई चालू राहावी आणि खाली कापड नसावं. पलंग धरून दोन पावलं झाली. तिसरं उचललं गेलं नाही. ती त्याला ओरडली नाही. खाली आपल्या बुटांकडे बघत राहिली, जणू ते कुणी दुसऱ्याचे आणून घातलेत.

पुढचे बारा दिवस त्याने जंग जंग पछाडलं. सकाळी, दुपारी, ड्यूटी संपल्यावर. नवे फिजिओ आले, दोघेही तरणे आणि मनापासून काम करणारे, त्यांनीही केलं. आक्का पिवळ्या पट्टीपर्यंत पोचली. एकदा वॉकर धरून लाल पट्टीपर्यंत गेली आणि लाकडी पायऱ्यांपैकी एक चढली. दुसरीवर पाय ठेवला आणि म्हणाली, “बास.” किती राहिल्या ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचं गणित आयुष्यभर शिलाईच्या टेपवर झालं होतं.

भाचा आला. त्याने तळमजल्यावरचं एक वृद्धाश्रम बघून ठेवलं होतं, रॅम्प असलेलं. तो काही चुकीचं बोलत नव्हता. मामा, तुम्ही एवढे या लाइनीतले, तुम्हीच सांगा, बावीस पायऱ्या होतील का? मास्तर म्हणाला, नाही. आक्का म्हणाली, मशीन विकू नका, कुणाला तरी द्या.

निघताना उजवी बाजू भरायची होती. नव्या विभागाबरोबर कागद छापील झाला होता, जाड, दोन रंगांत. खाली नवी ओळ होती. ‘जाताना’ कमी असल्यास कारण, आणि पुढे तीन चौकोन: वय, आजार, आधीपासूनची अशक्तता. मास्तरने चौकोन सोडून खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, ‘सात दिवस उठू दिलं नाही. मी.’ बाईंनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि त्याच्या शब्दांखाली स्वतःची सही केली. “मीसुद्धा,” एवढंच म्हणाल्या. कागद चार दिवसांनी रेकॉर्ड ऑफिसमधून परत आला. सोबत चिठ्ठी: दिलेल्या तीनपैकी एक पर्याय निवडावा.

तो कागद खिशात घालूनच मास्तर आक्काच्या घरी तिची कात्री आणि चष्मा आणायला गेला. जिना चढताना सवयीने मोजत होता. तेराव्या पायरीला जिना वळतो, तिथे कोपऱ्यात एक बुटकं स्टूल होतं, आणि वर भिंतीत पिशवी अडकवायला खिळा. इतकी वर्षं तो यायचा, पण दोन-दोन पायऱ्या टाकत. त्याला हे कधी दिसलं नव्हतं. खालच्या मजल्यावरची बाई त्याला तिथे उभा बघून म्हणाली, “आक्कांचं आहे ते. येता-जाता बसायच्या ना त्यावर. म्हणायच्या, धाकट्याला सांगू नका हां, लगेच कवायत करायला लावेल.”

बाई आत गेली आणि मास्तर स्टुलावर बसला. म्हणजे बावीस नव्हत्या. तेरा आणि नऊ होत्या. म्हणजे ती आधीच काठावर होती, आधीच दमत होती. खिशातला कागद त्याला छातीशी जाणवायला लागला. तिसरा चौकोन. आधीपासूनची अशक्तता. एक बारीकशी खूण, आणि सगळे सुटले: तो, बाई, मोठ्या सिस्टर, पाटी. त्याने कागद गुडघ्यावर पसरला, पेन काढलं.

पेन चौकोनापर्यंत नेलं. मग उठला. उठताना त्याला भिंत धरावी लागली, आणि हाताखाली भिंतीचा रंग गुळगुळीत झालेला लागला, एका तळव्याएवढा. रोज दोनदा इथे कुणीतरी बसत होतं आणि रोज दोनदा उठत होतं. आधीपासूनचं जे काही होतं, ते हे होतं. त्याने भिंतीवर कागद टेकवून तेच वाक्य चिठ्ठीखाली पुन्हा लिहिलं.

कागद दुसऱ्यांदा परत आला नाही. पुढे कळलं, रेकॉर्डच्या क्लार्कने ‘वय’वर खूण करून फाइल बंद केली. त्याला महिनाअखेर होती.

विभाग आता छान चालतो. बाहेरून लोक बघायला येतात. दोन फिजिओ दिवसाला दहाजणांना चालवतात, आणि जे पडतील असं वाटतं त्यांना चालवत नाहीत. पाटी दारावरच आहे. बाई तिच्याविरुद्ध दर महिन्याला पत्र लिहितात आणि पोच फाइलला लावतात.

मास्तर रविवारी वृद्धाश्रमात जातो. गेल्या खेपेला आक्का खिडकीपाशी खुर्चीत होती, कमरेला पट्टा, पायांवर ऊन. बूट खुर्चीखाली, नवे असल्यासारखे कोरडे. तो समोर बसला, भाच्याचं बोलला, हवेचं बोलला. मग पिशवीतून चादर काढली, घडी झटकली आणि म्हणाला, चल की, दारापर्यंत. कुणी बघत नाहीये.

आक्काने चादरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“तुमच्या त्या पाटीवर आज किती?”

खोटं बोलावंसं त्याला वाटलं, पण आक्कापुढे ते त्याला लहानपणापासून जमलं नव्हतं. “दोनशे एकोणचाळीस.”

“म्हणजे अजून कुणी उठलेलं नाही,” आक्का म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

मास्तरने चादरीची पुन्हा घडी घातली. चार पदरी, कमरेभोवती जाईल अशी.